डिन की योक? मालवणच्या टाक्या आणि मित्राची स्टीलची टाकी, दोन्हींना चालेल असा रेग्युलेटर कोणता?

भाट्ये_खाडी यांचा प्रश्न:

नमस्कार. मी रत्नागिरीत राहतो आणि ऑक्टोबर ते मे या हंगामात जमेल तेव्हा मालवण-तारकर्लीला डाइव्हिंगसाठी जातो. ओपन वॉटर आणि ॲडव्हान्स्ड असे दोन अभ्यासक्रम झाले आहेत, नोंदवहीत चाळीसेक बुड्या आहेत, आणि दुसऱ्यांनी चावून ठेवलेले माउथपीस तोंडात घेण्याचा आता कंटाळा आल्यामुळे स्वतःचा रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणारे साधन, घ्यायचे ठरवले आहे. दुकानदाराला फोन केला, तेव्हा कंपनी आणि किंमत बाजूला ठेवून त्याने आधी "डिन देऊ की योक?" असे विचारले. रेग्युलेटर टाकीच्या व्हॉल्वला जोडण्याच्या या दोन तऱ्हा आहेत एवढेच कळले, आणि मला उत्तर देता आले नाही.

माझी अडचण अशी की मला तीन तऱ्हेच्या टाक्यांशी काम पडते. मालवणला मी ज्या केंद्रात जातो तेथे सगळ्या टाक्या ॲल्युमिनियमच्या, एस-८० म्हणतात त्या, म्हणजे ११.१ लिटर मापाच्या आणि २०७ बार दाबाच्या आहेत. त्यांच्या व्हॉल्वला एक सपाट तोंड, मधोमध बारीक भोक आणि भोवती काळी ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, असते. रेग्युलेटरचा चाप वरून घालायचा आणि मागचा स्क्रू आवळायचा, एवढेच मला ठाऊक आहे. दर वर्षी आम्ही चौघे मुरुडेश्वरला जाऊन नेत्राणी बेटापाशी डाइव्ह करतो. तेथेही बहुतेक टाक्या अशाच असतात, परंतु गेल्या खेपेस दोन टाक्यांच्या व्हॉल्वमधला गोल तुकडा काढलेला होता आणि आत आटे दिसत होते. तिसरी टाकी माझ्या एका मित्राची आहे. तो जहाजावर नोकरी करतो आणि त्याने परदेशातून आणलेली १२ लिटरची स्टीलची टाकी मला देऊ करतो आहे. तिच्या खांद्यावर २३२ आणि ३४८ असे दोन आकडे कोरलेले आहेत, पण मित्र म्हणतो की व्हॉल्व मात्र ३०० बारचा आहे. टाकी २३२ ची आणि व्हॉल्व ३०० चा, हे कोडे मला उलगडलेले नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्यामुळे मी इतक्या चौकशीत पडलो. मार्च महिन्यात निवतीच्या खडकांजवळ होडीवर तयारी करत असताना मी टाकीचा व्हॉल्व उघडला आणि कानाशी फटाका फुटावा तसा आवाज होऊन सगळी हवा सूं सूं करत बाहेर येऊ लागली. खलाशाने चटकन व्हॉल्व बंद केला, ओ-रिंग बदलली आणि काही झालेच नाही अशा थाटात "चला" म्हणाला. मी पाण्यात उतरलो खरा, परंतु हेच वीस मीटरवर झाले असते तर, हा विचार त्या पूर्ण बुडीभर डोक्यातून गेला नाही. डिनमध्ये असे होत नाही म्हणतात. त्यात तथ्य किती?

---

दांडीवरचा यांचे उत्तर:

भाट्येकर, मी मालवणात अकरा वर्षे पर्यटकांना आणि शिकणाऱ्यांना पाण्यात नेण्याचे काम करतो, त्यामुळे माझे बोलणे होडीवरच्या माणसाचे आहे असे समजून वाचावे.

आपण टाक्यांचे तीन प्रकार सांगितलेत, परंतु रेग्युलेटरला टाकी ॲल्युमिनियमची आहे की स्टीलची याच्याशी काही देणेघेणे नसते. त्याची गाठ पडते ती फक्त व्हॉल्वच्या तोंडाशी. तेव्हा टाक्या बाजूला ठेवून व्हॉल्व मोजा. सपाट तोंडाचा व्हॉल्व आपण ओळखता, तो योकचा. नेत्राणीला जो पाहिलात तो जोडव्हॉल्व. त्याच्या तोंडात मुळात डिनचे आटे असतात आणि त्यात एक पोकळ पितळी तुकडा, ज्याला आम्ही इन्सर्ट म्हणतो, ॲलन की लावून बसवलेला असतो. इन्सर्ट आत असेल तर व्हॉल्व योकचा, काढला तर डिनचा. मित्राच्या टाकीवर जो आहे तो निव्वळ डिनचा, आणि तोही खोल आट्यांचा.

आमच्याकडच्या बऱ्याच टाक्यांवरही जोडव्हॉल्वच आहेत, पण आम्ही इन्सर्ट कधीच काढत नाही. लोकांना वाटते की हा आमचा हट्ट आहे. तसे नाही. सकाळी सहा वाजता होडीत वीस टाक्या चढतात, एकमेकींवर आपटतात, किनाऱ्यावर वाळूत लोळतात. इन्सर्ट आत असेल तर व्हॉल्वच्या तोंडाला आतून आधार राहतो. तो काढलेला असताना टाकी तोंडावर पडली, तर तोंड किंचित चेपून लंबगोल होते, मग डिनचे आटे त्यात धड शिरत नाहीत आणि इन्सर्टही परत बसत नाही. म्हणजे व्हॉल्वच गेला. शिवाय काढलेला इन्सर्ट होडीत कुठे ठेवला, हे संध्याकाळी कोणालाच आठवत नाही.

आता त्या स्टीलच्या टाकीविषयी एक गोष्ट, जी दुकानदार आपल्याला सांगणार नाही. रेग्युलेटर डिनचा घेतलात म्हणजे प्रश्न सुटला असे आपल्याला वाटेल. पण ती टाकी भरणार कुठे? आमच्या काँप्रेसरच्या होजला योकचा चाप आहे, आणि आसपासच्या केंद्रांतही मी तेच पाहिले आहे. आपल्या मित्राच्या व्हॉल्वला तो लागणारच नाही. त्यासाठी भरण्याचा वेगळा डिन अडॅप्टर लागेल, आणि तो कोणी उसना देईल या भरवशावर रत्नागिरीहून टाकी घेऊन येऊ नये. दुसरे असे की टाकी परदेशातून आणलेली आहे. गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे आपल्याकडे सिलिंडरला नागपूरच्या पेसोची, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेची, मान्यता लागते. कागद नसतील, दाबचाचणीची तारीख उलटलेली असेल, तर मी तरी ती भरणार नाही. यात आपल्यावर अविश्वास नाही. भरताना टाकीशेजारी उभा असतो तो माझा माणूस असतो.

निवतीला जे झाले त्याबद्दल सांगतो. ओ-रिंग जवळजवळ नेहमी व्हॉल्व उघडतानाच उडते, कारण दाबाचा पहिला धक्का तेव्हाच बसतो. पाण्याखाली उडण्याचे प्रसंग अगदी थोडे, आणि त्यांत बहुधा योक सैल राहिलेला असतो किंवा उडी मारताना टाकी होडीच्या काठावर आपटलेली असते. तरीही असे झालेच, तर आपण जे शिकलात तेच करायचे असते: जोडीदाराचा दुसरा रेग्युलेटर घ्यायचा आणि दोघांनी मिळून वर यायचे. मला आपल्या हकिकतीत खटकली ती ओ-रिंग नव्हे, तर "काही झालेच नाही" असा थाट. ओ-रिंग का उडाली ते बघूनच मग पाण्यात उतरवायला हवे होते.

माझे मत योकचे. ज्या पाण्यात पोहायचे त्या पाण्याची होडी घ्यावी.

---

पान्हेवाला यांचे उत्तर:

दांडीवरच्यांनी काँप्रेसरचा मुद्दा काढला ते उत्तम झाले. मी दुरुस्तीच्या टेबलावर बसतो, त्यामुळे माझ्या मनात तो आधी आला नसता. रेग्युलेटरच्या निवडीविषयी मात्र माझे मत वेगळे आहे, आणि ते का, हे थोडे सविस्तर लिहितो.

दोन्ही जोडण्यांत हवा अडवून धरते ती ओ-रिंगच. फरक आहे तो ती कोठे असते याचा. योकमध्ये ओ-रिंग टाकीच्या व्हॉल्वच्या तोंडावर उघड्यावर बसलेली असते आणि रेग्युलेटरचा सपाट भाग तिच्यावर नुसता टेकवून मागून स्क्रूने दाबलेला असतो. डिनमध्ये ती रेग्युलेटरच्या टोकावर असते आणि आटे फिरवत आत गेल्यावर व्हॉल्वच्या पोटात चारही बाजूंनी धातूत कोंडली जाते. आता हिशेब करून पाहा. ओ-रिंगने अडवलेले वर्तुळ साधारण १४ मिलिमीटर व्यासाचे धरले, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे १५४ चौरस मिलिमीटर होते. २०० बार म्हणजे दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन, तेव्हा रेग्युलेटरला व्हॉल्वपासून दूर ढकलणारा जोर तीन हजार न्यूटनांच्या वर, म्हणजे तीनशे किलोच्या ओझ्याइतका होतो. एवढ्या जोराने योकचा चाप केसभर ताणला गेला किंवा स्क्रू आधीच सैल असला, तर दोन सपाट पृष्ठभागांमध्ये फट पडते आणि ओ-रिंग त्या फटीतून बाहेर ढकलली जाते. तोच आपला फटाका. डिनमध्येही तेवढाच जोर असतो, परंतु तो आट्यांवर येतो आणि ओ-रिंगला पळायला फट मिळत नाही. म्हणून "डिनमध्ये असे होत नाही" हे जवळजवळ खरे आहे. डिनची ओ-रिंग झिजते, चिरते, गळते, पण अशी उडत नाही.

याच जोरामुळे एक उपयोगी खूण मिळते. व्हॉल्व उघडलेला असताना योकचा स्क्रू किंवा डिनचे चाक हाताने फिरत नाही. बुडी संपल्यावर स्क्रू फिरत नसेल, तर तो गंजला आहे असे समजून पान्हा शोधू नये. आत दाब शिल्लक आहे असा त्याचा अर्थ. आधी व्हॉल्व बंद करून, रेग्युलेटरमधली उरलेली हवा सोडणारे पर्ज बटण दाबावे. आवळायचे तेही फक्त बोटांच्या ताकदीने.

आता २३२ आणि ३०० चे कोडे. डिन हे जर्मन मानक संस्थेच्या नावाचे संक्षिप्त रूप आहे आणि या जोडणीचे दोन प्रकार आहेत. दोन्हींचे आटे एकाच मापाचे, जी ५/८, पण २३२ बारच्या व्हॉल्वला पाच आट्यांची खोली असते आणि ३०० बारच्याला सात. लांब, म्हणजे सात आट्यांचा, रेग्युलेटर उथळ व्हॉल्वमध्ये व्यवस्थित बसतो. फक्त चाक आणि व्हॉल्व यांच्यामध्ये थोडी जागा उघडी राहते, आणि नवखे लोक ती मिटवण्यासाठी उगाच जोर करतात. उलट, पाच आट्यांचा आखूड रेग्युलेटर खोल व्हॉल्वमध्ये तळापर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे हवा अडत नाही. ही चूक नसून मुद्दाम केलेली सोय आहे: कमी दाबाचे साधन जास्त दाबाच्या टाकीला लागूच नये. म्हणून घ्यायचाच तर सात आट्यांचा घ्यावा.

टाकीवरचा २३२ हा तिचा कामाचा दाब आणि ३४८ हा चाचणीचा, म्हणजे दीडपट. वर ३०० चा व्हॉल्व बसवल्याने टाकीची ताकद वाढत नाही. ती २३२ लाच भरायची. कोणीतरी हाती असलेला व्हॉल्व बसवला असावा. वाईट भाग असा की खोल व्हॉल्वमध्ये इन्सर्ट बसत नाही, म्हणून त्या टाकीवर योकचा रेग्युलेटर सरळ लागणार नाही. ठोकळ्यासारखे बाहेरून लावायचे अडॅप्टर पाहायला मिळतात. ३०० च्या व्हॉल्वपुढे योक लटकवण्यासाठी मी ते कोणाला सुचवणार नाही.

तेव्हा माझा युक्तिवाद असा आहे: डिनचा रेग्युलेटर अडॅप्टर लावून कोणत्याही योकच्या व्हॉल्ववर चालतो, योकचा रेग्युलेटर सगळ्या डिन व्हॉल्ववर चालत नाही. ज्याला अनेक ठिकाणच्या टाक्या वापरायच्या आहेत, त्याने ज्या बाजूने पूल ओलांडता येतो त्या बाजूला उभे राहावे. आणखी एक किरकोळ फायदा असा की डिनला मागे उंच स्क्रू नसतो. आपल्या खडकांवर जाळ्यांचे तुकडे अडकून पडलेले असतात, आणि योकचा तो बोंडाएवढा स्क्रू धागा पकडण्यात फार पटाईत.

नेत्राणीला इन्सर्ट नसलेली टाकी पुन्हा मिळाली, तर केंद्राकडे इन्सर्ट मागा. बनावटीप्रमाणे सहा किंवा आठ मिलिमीटरची ॲलन की लागते. मात्र इन्सर्टच्या दोन्ही तोंडांना ओ-रिंग असते आणि आतली बहुधा कोणी पाहिलेलीच नसते, हे लक्षात ठेवावे.

---

वेंगुर्ल्याची_लाट यांचे उत्तर:

पान्हेवाले दादा, आपला पूल कागदावर छान दिसतो. मी तीन हंगाम तो ओलांडत होते, म्हणून थोडा अनुभव सांगते.

मी आपल्यासारख्याच सल्ल्यावरून डिन घेतला आणि सोबत योकचा अडॅप्टर घेतला. माझ्या सत्तरेक बुड्यांपैकी निव्वळ डिनच्या टाकीवर झालेल्या बुड्या किती, तर चार. उरलेल्या सगळ्यांत अडॅप्टर लावलेलाच होता. अडॅप्टर लावल्यावर फर्स्ट स्टेज, म्हणजे रेग्युलेटरचा टाकीला लागणारा भाग, व्हॉल्वपासून बराच बाहेर येतो. आडवे पोहताना वर पाहण्यासाठी मान मागे केली की तो डोक्याला लागतो, आणि केसांचा अंबाडा असेल तर विचारूच नका. ओ-रिंगा एकाच्या दोन होतात, एक टाकीवरची आणि एक अडॅप्टरच्या आतली. म्हणजे जी उघडी ओ-रिंग टाळण्यासाठी डिन घेतला, ती टाळली गेलीच नाही, कारण टाकीचा व्हॉल्व योकचा असेल तर ओ-रिंग त्या तोंडावर असणारच! भाट्येकरांना निवतीची भीती घालवायची असेल, तर मालवणच्या टाक्यांवर अडॅप्टरसकट डिन लावून ती जाणार नाही, हे कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे होते.

शिवाय एकदा अडॅप्टर घरीच राहिला. वेंगुर्ल्याहून मालवण फार लांब नाही, पण सकाळी साडेसहाला होडी सुटत असताना ते लांबच असते. त्या दिवशी माझा महागाचा रेग्युलेटर पिशवीत आणि तोंडात केंद्राचा भाड्याचा.

शेवटी मी फर्स्ट स्टेजचे डिनचे तोंड काढून योकचे बसवून घेतले. बऱ्याच कंपन्या एकाच फर्स्ट स्टेजसाठी दोन्ही तोंडे विकतात आणि माहीतगार माणूस योग्य पान्ह्याने आणि ठरलेल्या ताकदीने आवळून ती बदलून देतो. घरी बदलायची ही गोष्ट नव्हे. डिनचे तोंड डब्यात ठेवले आहे. कधी आंग्रिया बँकेला, म्हणजे खोल समुद्रातल्या त्या प्रवाळाच्या उंचवट्याला, जाण्याचा योग आला आणि तिथल्या होडीवर डिनच्या टाक्या असल्या, तर बदलून घेईन. तो योग आजवर आलेला नाही.

---

पान्हेवाला यांचे उत्तर:

ताई, अडॅप्टरने योकची ओ-रिंग टळत नाही, हे मी लिहायला हवे होते. ती चूक मान्य. मात्र तोंड बदलण्याचा खर्च दोनदा करण्यापेक्षा अडॅप्टर पिशवीत शिवून ठेवावा, असे मला अजूनही वाटते.

---

भाट्ये_खाडी:

सर्वांचे आभार. या शनिवारी मित्राकडे जाऊन त्याच्या टाकीच्या व्हॉल्वमध्ये विजेरी धरून आटे मोजले. सातच निघाले. व्हॉल्वच्या खाली, मानेजवळ, एम२५×२ असे कोरले आहे. मित्र म्हणतो, "त्यात काय, मालवणहून जोडव्हॉल्व आण, हा काढू आणि तो लावू." त्याच्याकडे मोठा पान्हाही तयार होता. मी थांबलो, कारण आपल्याला विचारल्याशिवाय काही करू नये असे वाटले. थांबलो ते बरोबर केले का?

---

पान्हेवाला यांचे उत्तर:

अगदी बरोबर केलेत, आणि मित्राला तो पान्हा जहाजावर परत न्यायला सांगा.

आतापर्यंत आपण व्हॉल्वच्या पुढच्या तोंडाविषयी बोलत होतो. व्हॉल्व टाकीच्या मानेत बसतो ते आटे वेगळे, आणि तेथील चूक ओ-रिंग उडण्यासारखी क्षुल्लक नसते. युरोपी टाक्यांची मान बहुधा एम२५×२ असते, म्हणजे २५ मिलिमीटर व्यास आणि २ मिलिमीटर अंतराचे आटे. मालवणला ज्या एस-८० टाक्या आपण वापरता, त्यांची मान पाऊण इंची म्हणवणाऱ्या अमेरिकी मापाची असते (हे नुसते नाव, प्रत्यक्ष व्यास नव्हे), इंचाला चौदा आटे, म्हणजे अंतर सुमारे १.८ मिलिमीटर आणि व्यास एम२५ पेक्षा किंचित मोठा. दोन मापे इतकी जवळची आहेत की एम२५ चा व्हॉल्व पाऊण इंची मानेत जातो, थोडा सैल वाटतो, पण बसल्यासारखा दिसतो. आणि भरताना दाब चढला की धरून ठेवणारे आटे अपुरे पडून व्हॉल्व तोफगोळ्यासारखा सुटतो. या चुकीने माणसे दगावली आहेत. त्यामुळे एका टाकीचा व्हॉल्व काढून दुसरीवर "बसतो का बघू" हा प्रयोग कधीही करू नये. मित्राच्या टाकीवर जोडव्हॉल्व लावता येईल, परंतु तो एम२५×२ चाच हवा, जुना व्हॉल्व टाकी पूर्ण रिकामी करूनच काढायला हवा, आणि तो काढल्यासरशी टाकीच्या आतला गंज तपासून घ्यायला हवा. स्टीलची टाकी दमट हवेत वर्षानुवर्षे पडून असेल, तर आत काय आहे ते बाहेरून कळत नाही.

एक छोटी खूण: कोणत्याही रेग्युलेटरच्या हवा शिरण्याच्या तोंडाशी जाळीदार धातूचा फिल्टर असतो. त्यावर तांबूस भुकटी दिसली तर ती बहुधा स्टीलच्या टाकीतला गंज, पांढुरकी राखाडी दिसली तर ॲल्युमिनियमची, आणि हिरवट डाग म्हणजे झाकण न लावता खारे पाणी आत गेले. मित्राने ती टाकी ज्या रेग्युलेटरला लावली होती त्याचा फिल्टर पाहा, टाकीविषयी बरेच कळेल.

---

दांडीवरचा यांचे उत्तर:

मित्राच्या टाकीचे कागद आहेत का, हे विचारायचे राहिले. ते नसतील तर वरचे सगळे वाचून दाखवायची गरज नाही.

---

भाट्ये_खाडी:

कागद नाहीत. खरेदीची पावतीही नाही. टाकी मित्राच्या पलंगाखाली परत गेली आणि तिच्याबरोबर डिन घेण्याचे माझे मुख्य कारणही गेले. वेंगुर्ल्याच्या ताईंचा हिशेब माझ्या नोंदवहीशी ताडून पाहिला, तर चाळीस बुड्यांपैकी योकचा व्हॉल्व नव्हता अशी एकही नाही, कारण नेत्राणीच्या त्या दोन टाक्याही शेवटी आमच्या वाट्याला आल्या नव्हत्या. दुकानदाराला योक सांगितला आहे, मात्र पान्हेवाल्यांचा मान राखून अट घातली आहे की त्या फर्स्ट स्टेजला नंतर डिनचे तोंड मिळाले पाहिजे. त्याने होकार दिला.

निवतीचा प्रसंग मात्र डोक्यातून गेलेला नाही. टाकीवरच्या ओ-रिंगेचे माप ०१४ असते असे कळले, तेव्हा कडक जातीच्या, ९० कडकपणाच्या, दहा मागवल्या आहेत. आपली ओ-रिंग आपण पाहून लावावी म्हणतो. त्यांना सिलिकोन ग्रीस लावून ठेवावे का?

---

दांडीवरचा यांचे उत्तर:

टाकीवरच्या ओ-रिंगेला ग्रीस नको, वाळू चिकटते. कोरडी बसवा. बसवण्याआधी व्हॉल्व क्षणभर किंचित उघडून तोंडातले पाणी उडवून द्या, आणि जुनी काढताना चाकूचे टोक वापरू नका. खोबणीला ओरखडा पडला की नवी कोरी ओ-रिंगही गळते. आमच्या होडीवर त्यासाठी पितळी आकडा आहे, मागून घ्या.

---

वेंगुर्ल्याची_लाट:

दहा कशाला मागवल्यात! चार माझ्यासाठी ठेवा, ऑक्टोबरात दांडीच्या किनाऱ्यावर घेते.